पाकीट उघडू नये

१३ जानेवारी

तीन पत्रकं! फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवली आहेत — निळं, हिरवं, पांढरं. दूध काढायला गेलं की तिन्ही माझ्याकडे बघतात.

आज कॉलेजात ॲडमिशनच्या बाईंसमोर बसले. बाई गोड बोलणाऱ्या. “तुम्ही तुमच्या देशात नर्स होतात?”

“मिडवाइफ. चौदा वर्षं.”

“अच्छा. म्हणजे नर्स नाही.” असं म्हणून परदेशी नर्सेससाठीच्या कोर्सचं चौथं पत्रक त्यांनी परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत!

निळं म्हणजे चार वर्षांची डिग्री. त्याआधी बारावीचं बायॉलॉजी आणि केमिस्ट्री पुन्हा. इथल्या बारावीचं! हिरवं म्हणजे दोन वर्षांची, छोटी नर्स. पांढरं म्हणजे मी वृद्धाश्रमात आज जे करते, तेच सर्टिफिकेट घेऊन करायचं.

बाराशेच्या वर बाळं या हातांनी काढली. त्रेचाळिसाव्या वर्षी बेडकाचे अवयव ओळखायचे का मी?

१९ जानेवारी

चर्चनंतर हॉलमध्ये पान्सित होतं, आमच्याकडच्या नूडल्स. मनांग तेसी भेटली. माझी मावसबहीण, वीस वर्षांपासून विनिपेगमध्ये नर्स आहे, आम्हाला इकडे आणलं तेही तिनेच. त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे. तो ती बजावते.

“डिग्रीच कर! छोटी नर्स म्हणजे काय गं? माझ्या हाताखाली येशील, मग ओरडताना मलाच वाईट वाटेल.” सगळ्या हसल्या. “आणि मिडवाइफ होते म्हणून सांगत फिरू नकोस. इथल्यांना वाटतं, सुईण म्हणजे झाडपाला उगाळणारी.”

मीही हसले. हातात ताटली होती, काय करणार. राग आला तो घरी पोचल्यावर, बूट काढताना.

रोमेलला विचारलं. डुकराच्या मांसाच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून आलेला नवरा. म्हणाला, “तू ठरवशील ते.” अठरा वर्षं प्रत्येक गोष्टीला हेच! एकदा तरी चुकीचं का होईना, पण काहीतरी सांग की!

२७ जानेवारी

उणे एकतीस. काहीही ठरलेलं नाही.

३० जानेवारी

सकाळी फ्रीझन आजोबांना अंघोळ घालताना त्यांचा डावा पाय बघितला. पिंढरी उजवीपेक्षा जाड. लालसर. हाताला गरम. बाळंतिणींच्या पायात हे मी सहा-सात वेळा तरी पाहिलंय. रक्ताची गाठ. मला पुस्तक उघडावं लागत नाही.

धावत ड्यूटीवरच्या नर्सकडे गेले. पोरसवदा मुलगी. कामाने गांजलेली, तिचाही सगळा दोष नाही. म्हणाली, “रोवेना, निदान करणं तुझं काम नाही. अंघोळ झाली का त्यांची?”

त्यांच्या फाइलमध्ये मला एक ओळ लिहिता येत नाही. डॉक्टरला फोन करता येत नाही. पुन्हा जाऊन सांगितलं. “बघते म्हटलं ना!” तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिने वरसुद्धा पाहिलं नाही. शेवटी आजोबांच्या खोलीत बसले आणि पाय हलवू नका, एवढंच सांगत राहिले. आजोबा म्हणाले, “आज माझी फार काळजी करतेयस, काय हवंय तुला?”

ती आली जेवणानंतर. मग ॲम्ब्युलन्स. मग सगळ्यांची पळापळ. मी भांडी उचलली.

२ फेब्रुवारी

फ्रीझन आजोबा गेले. गाठ फुफ्फुसात पोचली होती.

मला माहीत होतं. माहीत असून मी भांडी उचलत होते.

४ फेब्रुवारी

हिरवं. ठरलं.

निळ्याने मी पन्नाशीला टेकेन. तोवर किती पाय बघत बसू? दोन वर्षांत फाइलमध्ये लिहायचा हक्क मिळतो, मला तेवढाच हवाय. मनांग तेसीने फोनवर मोठा सुस्कारा सोडला. “हुशार होतीस तू, रोवेना.” होतीस! मी अजून आहे, मेलेली नाही!

निळं नि पांढरं काढून टाकलं. फ्रिज एकदम मोकळा दिसतो.

१० फेब्रुवारी

अर्जाची यादी आली. सगळ्यात वर: माझ्या इलोइलोच्या कॉलेजचं गुणपत्रक. सीलबंद पाकिटात, झाकणावर कॉलेजचा शिक्का, ३० एप्रिलच्या आत इथल्या कागद तपासणाऱ्या ऑफिसात. खाली ठळक अक्षरात — पाकीट कोणीही उघडू नये. उघडलं तर रद्द.

नानायला, माझ्या आईला, सांगितलं. ती गिमारास बेटावरून होडीने पलीकडे जाऊन आणेल. वय चौऱ्याहत्तर, पण म्हणाली, “तुझ्या कामाला तोतो नको, तो धांदरट आहे. मीच जाते.” माझ्या भावाला ती पन्नाशीतही धांदरट म्हणेल.

“नानाय, खिडकीवर पाकीट घ्यायचं आणि तसंच कुरियरवाल्याला द्यायचं. मध्ये काही नाही.”

“कळलं गं, इंदाय. मी काय लहान आहे?” या वयातही मी तिची इंदाय, लाडकी लेक.

४ मार्च

माझं डोकं फिरलंय.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. नानाय पलीकडे सकाळी सकाळी केस विंचरून, चांगला फ्रॉक घालून बसलेली. चेहऱ्यावर नुसता आनंद. “बघ!” म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोर काहीतरी धरलं. चमकत होतं. आधी कळेचना काय ते.

माझं गुणपत्रक. लॅमिनेट केलेलं!

“नानाय, पाकीट?”

“ते साधंच होतं, टाकून दिलं. आत कागद नुसता मऊ पडला होता दमट हवेने. होडीतून आणताना पाणी उडतं. म्हटलं, कॅनडाला एवढ्या लांब जायचंय, भिजला म्हणजे? जेट्टीसमोरच्या दुकानात करून घेतलं. जाड प्लास्टिकचं! आता बुडवलं तरी काही होत नाही.”

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

५ मार्च

लिहिते. नाहीतर छातीत राहील.

म्हणाले, “एक काम सांगितलं होतं. एकच! तुला कशाला हात लावू देणंच चूक आहे. तुझ्यामुळे माझं वर्ष गेलं.” ती म्हणाली, “मी तर जपायला...” मी म्हटलं, “नको जपूस! माझं काहीएक जपू नकोस!” आणि फोन बंद केला. आयरा तिचा गृहपाठ घेऊन माझ्याकडे बघत बसली होती. माझी पंधरा वर्षांची लेक, सगळं ऐकलं तिने.

नानाय का करते हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? तातायचं, माझ्या वडिलांचं, जहाजावरचं पुस्तक पुरात भिजलं. खलाशाचं ते पुस्तक म्हणजे परवाना, ओळख, सगळं. पानं फुगली, शिक्के पसरले, कंपनी म्हणाली हे चालणार नाही. नवं काढायला तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत चार वर्षं फिरला. समुद्र पुन्हा दिसला तो अंगणातून. तसाच गेला. तेव्हापासून नानाय घरातला प्रत्येक कागद लॅमिनेट करते. बाप्तिस्म्याचे दाखले, प्रगतिपुस्तकं, एकदा तर विजेचं बिल!

सगळं माहीत होतं. तरी बोलले.

१२ मार्च

कागद तपासणाऱ्या ऑफिसचं उत्तर: अपवाद करता येणार नाही. दोन ओळी आणि खाली हसरा चेहरा.

१६ मार्च

फोन केला. तोतोने उचलला. “नानाय झोपलीये.” तिथे सकाळचे नऊ वाजले होते.

२९ मार्च

चर्चमधल्या सालासार बाई गावाहून परत आल्या. नानायने त्यांच्या हाती सुके आंबे पाठवलेत आणि एक चपटं, जाडजूड पाकीट. वर तिच्या अक्षरात — ‘इंदायचे सगळे कागद. उपयोगी पडतील.’

आंबे आयराला दिले. पाकीट कपाटात बॅगेच्या मागे सरकवलं. उघडलं नाही. मुद्दाम. मला पुन्हा ते चमकणारं गुणपत्रक बघायचं नाही.

८ एप्रिल

तोतो म्हणतो, नानाय काल पुन्हा होडीने जाऊन आली. नवं गुणपत्रक मागायला. मी जा म्हटलं नव्हतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सही करणाऱ्या बाई पवित्र आठवडा संपेपर्यंत रजेवर. मग ईस्टर. म्हणजे २१ एप्रिल. म्हणजे नऊ दिवस उरतात.

“नानायला फोन दे.”

“ती अंगणात आहे.”

“मग अंगणात दे!”

“ताई, तिला नाही बोलायचं. भीती वाटते म्हणते, पुन्हा काहीतरी चुकेल.”

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. प्रार्थनेत मन नाही. मी इथे, सही तिथे, आणि मधे सगळं बंद. माझ्या आयुष्यात माझ्या हातात काय आहे? चर्चमधली गुडघे टेकायची फळी, बस!

२२ एप्रिल

पाठवलं! सीलबंद. तोतो सांगत होता, नानायने पाकिटाला हातच लावला नाही. कारकुनाला म्हणाली, “तूच ठेव कुरियरवाल्याच्या हातात, मी लांब उभी राहते.” आणि खरंच लांब उभी राहिली.

२९ एप्रिल

‘कागद मिळाले.’ एक दिवस आधी. बाथरूममध्ये जाऊन रडले.

२८ मे

प्रवेश मिळाला!! सप्टेंबरपासून. रोमेलने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, “मला आधीपासून वाटत होतं हिरवंच चांगलं.” आधीपासून! हा माणूस!

मनांग तेसीने घरी बोलावून जेवायला घातलं. तिनेच पत्राचं दुसरं पान वाचलं. मी वाचलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी लहानपणापासूनच्या लसींची नोंद हवी. तारखांसकट, २० जूनपर्यंत. नसेल तर सगळ्या लसी पहिल्यापासून, त्याला कित्येक महिने लागतात, आणि जागा यादीतल्या पुढच्याला.

“बेचाळीस वर्षांपूर्वीच्या लसी! कोण ठेवतं गं हे?” मनांग तेसी म्हणाली. आज तिने टोमणा मारला नाही, त्यानेच मी जास्त घाबरले.

९ जून

तोतो गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन आला. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली. मी स्वतः त्या केंद्रात चौदा वर्षं होते! ती कपाटं माझ्या पाठीमागे होती, आणि एकदाही उघडून बघितली नाहीत.

१७ जून

कॉलेजच्या बाई फोनवर अजूनही गोड. “पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा ना.”

तोतोला सांगितलं, सोड आता, फिरू नकोस. मागून नानायचा आवाज येत होता. “काय म्हणतेय ती?” मी तोतोला विचारलं.

“म्हणते, पाकीट बघ.”

“बघते म्हणावं.” असं म्हटलं खरं. इतकी थकलेय की कपाटापर्यंतही जाववत नाही. वृद्धाश्रमात फ्रीझन आजोबांच्या खोलीत नव्या आजी आल्यात. आज त्यांचेही पाय बघितले. सवयीने. बघून काय करणार होते?

१९ जून

काल उघडलं. वर गुणपत्रक. खाली माझा बाप्तिस्मा, तिसरीतलं अक्षराचं बक्षीस, तातायच्या पुस्तकाचं फुगलेलं एकेक पान वेगवेगळं. आणि सगळ्यात तळाशी एक पिवळं कार्ड — माझं नाव, १९८२, क्षयाची, पोलिओची, गोवराची, प्रत्येक लशीची तारीख, शाळेतल्यासुद्धा. जाड प्लास्टिकमध्ये.

आज कॉलेजच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. “इतकं स्पष्ट कार्ड मी पाहिलं नाही.” जागा माझी.

घरी येऊन फोन लावला. या वेळी नानायने स्वतः उचलला. मी ‘नानाय’ म्हणते तोच घाईघाईने म्हणाली,

“मी कशाला हात लावलेला नाही हं, इंदाय! काहीच उघडलेलं नाही!”