कासाराचा आशीर्वाद

नालवाडी, ४ ऑक्टोबर २००७

रक्षा,

खुशाली कोणत्या तोंडानं विचारू? उद्या वर्ध्याच्या कोर्टात आपली तारीख आहे. आवाज फुटू नये म्हणून नागपूरचा डॉक्टर आपल्या गुंजनले औषध देणार होता, त्यावर स्टे मीच आणला. 'मी मुलगी आहे' हे खूळ पोराच्या डोक्यात मायनंच भरवलं, असं लिहिलेल्या कागदावर सहीही केली.

ते खोटं आहे. तू तवा केळझरले माहेरी होती, गुंजन सहा वर्षांचा. भुलाबाईच्या सणाचे दिवस, मी दुकानात पोरींले बांगड्या भरून राह्यलो होतो. तो त्यांच्यात येऊन बसला अन् हात पुढं केला. मी हासत हासत हिरव्या बांगड्या भरल्या. मग बाया कासाराले करतात तसा त्यानं वाकून नमस्कार केला, अन् रोजच्या सवयीनं माह्या तोंडून निघून गेलं, "सौभाग्यवती हो, बाई." त्या दिवशी तो जसा हासला, तसा पुन्हा कधी दिसला नाई.

परवा तुह्या घरी फोन लावला, तर त्यानंच उचलला. "हॅलो" म्हटलं, स्वतःचा जाड झालेला आवाज ऐकला अन् फोन ठेवून देला.

हा कागद पोस्टात पडणार नाई. वकिलाच्या हाती लागला तर केस जाईन.

उद्या जजसाहेब विचारतीन, पोराले पहिल्यांदा मुलगी कोणी म्हटलं? मी तुह्याकडं बोट दाखवीन. तुले काहीच माहीत नाई. गुंजन मात्र माह्याकडं पाहीन.

तुहा म्हणवत नाई,
हेमराज