उजवीकडची तार

बाबा, काल तुमचा टीव्हीवरचा खेळ पुन्हा सुरू झाला. मामांनी मस्कतहून आणलेलं ते काळं डबडं इतकी वर्षं माझ्याच कपाटात वरती पडून होतं. धाकटीच्या मुलीला अशा जुन्या यंत्रांचं वेड आहे. तिने ते उघडलं, खेळायच्या दांडीची, जॉयस्टिकची, वायर जिथे खोचतात ते पोर्ट साफ केलं आणि म्हणाली, "मावशी, कोणीतरी अडाण्याने दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. पुढची उजवीकडे, उजवीकडची पुढे. मी नीट केल्या." छान केलंस, म्हटलं मी. आणि तुम्हाला लिहायला बसले.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. तिगाव स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढता ओढता तुम्ही खाली बसलात आणि उजवं अंग गेलं. रुळांचे काटे फिरवणारे, सिग्नल पाडणारे ते लिव्हर तुम्ही उभी नोकरी ओढले होते. बोलणं परत आलं, काठी घेऊन अंगणापर्यंत चालणं आलं. हात तेवढा आला नाही. मेडिकल व्हायची होती. डॉक्टर हात पाहणार आणि तुम्ही केबिनमध्ये परत जाणार की नाही ते ठरवणार. "नाही म्हटलं तर प्लॅटफॉर्मवर पाणी पाजाले बसवतीन मले," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, हसत. आई उठून स्वयंपाकघरात जायची.

खेळ धाकटीसाठी आला होता, पण दांडी हातात घेतलीत तुम्ही. "अवं, हे तं लिव्हरच होय," म्हणालात, आणि त्या दिवसापासून पांढुर्ण्याच्या त्या घरात टीव्हीसमोरची जागा तुमची झाली. दांडीचा खालचा डबा मी पाटाला सायकलच्या ट्यूबने बांधून दिला. पडद्यावर रस्ता, रस्त्यावर गाडी, वरून दगड येतात. दांडी डावीकडे लोटली की गाडी डावीकडे, उजवीकडे लोटली की उजवीकडे. बाकी काही नाही. तुमचा उजवा हात आत, डावीकडे, ओढला जायचा. बाहेर जायचा नाही. गाडी दगडावर आपटते, तुम्ही पुन्हा बसता, पुन्हा आपटते. मी शाळेतून शिकवून घरी येते तेव्हाही तेच चाललेलं असतं. शर्ट पाठीला चिकटलेला.

मग एकदा धाकटीचा पाय वायरीत अडकला आणि गाडी कुणाच्याच हाताने उजवीकडे जाईना. तिच्या नाही, माझ्या नाही. तुमचा चेहरा तेव्हा कसा फुलला होता. "पाहा! मी म्हणत नोहतो? मशीनच खराब होय, हात नाही." आईने त्या दिवशी गोड केलं. नादुरुस्त यंत्राचा आनंद म्हणून गोड करणारं आपलंच एक घर असेल.

मी डबडं घेऊन सौंसरला गेले, कारण नागपूरला टीव्ही दुरुस्ती शिकलेला एक मेकॅनिक तिथे बसायचा. त्याने दाखवलं, पोर्टमधली एक पिन मुळातून सुटली होती. डाग दिला, काम झालं. आईने बजावल्याप्रमाणे येताना जामसांवलीला उतरून मारुतीचं तीर्थ बाटलीत घेतलं. घरी आल्यावर धाकटीने खेळून पाहिलं, गाडी सरसर उजवीकडे गेली. नंतर तुम्ही बसलात. गाडी गेली नाही. तुम्ही दांडीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "अजून खराबच हाये," म्हणालात. आम्ही तिघींनी माना हलवल्या. हो बाबा, खराबच आहे.

मी दुसऱ्यांदा बसमध्ये बसले तेव्हा मांडीवर एक चांगलं यंत्र होतं. मेकॅनिकने तपासलं. "ताई, पोर्ट एकदम ठीक हाये. कायले घेऊन आल्या?" मी सांगितलं. बाबांना बाजूला लोटता येत नाही, पण अंगाचा भार देऊन पुढे ढकलता येतं. या खेळात पुढच्या दिशेचं काही काम नाही. पुढची तार उजवीकडे जोडता येईल का? त्याने डाग द्यायचा कैया तापत ठेवला. "जोडून देतो. पण हे दुरुस्ती नाही होय ताई, हे बिघाड करून राहिलो मी." दांडी उघडली असती तर तुमच्या लक्षात आलं असतं, म्हणून त्याने पोर्टच्या मागेच, डबड्याच्या पोटात, तारा बदलल्या.

तुम्ही बसलात. बाहेर लोटायचा जोर केलात तशी दांडी नेहमीसारखी पुढे गेली, आणि गाडी उजवीकडे वळली. दगड बाजूने निघून गेला. तुम्ही ओरडलात, "आला! हात आला माहा!" आई देवासमोर जाऊन बसली. मीही हसत होते. धाकटीला मी अंगणात नेऊन सांगितलं की यापुढे खेळायचं नाही, बाबांना खेळू दे. पुढचे काही दिवस आपल्या घरात तुम्ही शिट्टी वाजवत होतात. मेडिकल कधी घेता म्हणून रेल्वेच्या ऑफिसात विचारायला लावलंत, युनिफॉर्मला इस्त्री करून घेतलीत.

केबिनमधले तुमचे जोडीदार काका पाहायला आले ते याच दिवसांत. तुम्ही त्यांना खेळून दाखवलंत. "वा जी, इकडे तं पोट्ट्यावानी चालवून राहिले तुम्ही! द्या इकडे," म्हणत त्यांनी दांडी घेतली आणि उजवीकडे लोटली. गाडी जागची हलेना. दगडावर आपटली. पुन्हा लोटली, पुन्हा आपटली. "हे काय, माह्यावर रुसली का तुमची गाडी?" ते मोठ्याने हसले. तुम्ही हसला नाहीत. दांडी परत घेतलीत, चांगल्या डाव्या हाताने, आणि हळूच सरळ पुढे ढकललीत. गाडी उजवीकडे गेली. पुन्हा ढकललीत. पुन्हा गेली. काकांचं हसणं थांबलं. ते चहा न घेताच उठले.

"लिव्हर एकाचा अन् काटा दुसऱ्याचा," तुम्ही म्हणालात. "केबिनमध्ये असं कोणी केलं तं गाडी गाडीवर जाते. मेकॅनिकनं केलं का तू सांगतलं?"

"मी सांगितलं."

"बरं."

एवढंच. रागावला असतात तर मला आज लिहायला काही तरी उरलं असतं. तुम्ही पाटावरची ट्यूब एका हाताने सोडायला लागलात, ती सुटेना, म्हणून मी सोडली. दांडी पुन्हा मागितली नाहीत. मेडिकलच्या दिवशी आईने युनिफॉर्म काढून ठेवला तो तसाच खुंटीवर राहिला. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसलात आणि गाड्यांचे आवाज ऐकत राहिलात, त्या वर्षी आणि पुढच्या, तुम्ही जाईपर्यंत. उजवा हात मांडीवर, कुणाचा तरी ठेवायला दिलेला असावा तसा.

आपण खोटी आशा दिली आणि ती मोडली, असं मी इतकी वर्षं समजत आले, आणि तेवढ्यावर कसंबसं जगता येतं. पण आता या आजारावर पुष्कळ लिहिलेलं वाचायला मिळतं. त्यात म्हणतात की हात हलत नसला तरी हलवायचा नुसता जोर केला, रोज, चिकाटीने, तरी मेंदू हळूहळू वाट शोधतो. म्हणजे गाडी आपटत होती, शर्ट पाठीला चिकटत होता, ते दिवस वाया जात नव्हते, आणि तारा बदलून तो जोर मीच थांबवला. कदाचित. किती महिने जोर करावा लागतो, कुणाचा हात येतो, कुणाचा येत नाही, तेही पुढे दिलेलं असतं. बाबा, ते पुढचं मी कधी वाचत नाही. तिथपर्यंत आले की पान बंद करते.