पेंढ्याच्या रेडकाचे वजन

प्रति,
मा. योजना अधिकारी,
व्यालेल्या म्हशींची वजन व दूध नोंद योजना, पनवेल.

विषय : मेलेले रेडकू कागदावरही मेले असल्याची नोंद करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. १६ जानेवारीचे पत्र, ‘रेडकाची वाढ समाधानकारक’.

महोदय,

अर्जदार किशोरी विठू घरत, वय ५४, हिची मोरणी नावाची म्हैस दि. १ डिसेंबर रोजी व्याली. रेडकू पाचव्या दिवशी मेले. रेडकाशिवाय म्हैस पान्हा सोडीना, म्हणून अर्जदाराने रिवाजाप्रमाणे त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते मोरणीपुढे ठेवले. ती त्याला चाटते आणि दूध देते. यात फसवणूक नाही, असलीच तर मुक्या जनावराची आहे.

दि. ९ रोजी आपले नोंदणी कारकून श्री. दिनानाथ आले. गोठ्यात डासांसाठी धूर केलेला होता. त्या धुरात त्यांनी पेंढ्याच्या रेडकाच्या कानात बिल्ला ठोकला आणि “काय शांत आहे हो!” असे कौतुकही केले. अर्जदार गप्प राहिली, कारण योजनेचे खाद्य रेडकू जिवंत असेल तरच मिळते. ही चूक तिची आहे व ती कबूल आहे.

खरे संकट पुढे आहे. मोरणीला टेम्पोने कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या काट्यावर नेतात, रेडकू गोठ्यातच गोणीच्या तराजूला टांगतात. पहिल्या दिवशी मोरणी ४८२ किलो, रेडकू ९. दि. २४ ला मोरणी ४६१, रेडकू ३०. दि. ८ जानेवारीला ४३६ आणि ५५. काल ४०७ आणि ८४. जितके तिचे जाते तितके त्याचे भरते, एक किलो इकडचे तिकडे नाही. दूध मात्र आठ लिटरवरून चौदावर गेले आहे आणि आपले कार्यालय तिला पहिला क्रमांक देणार आहे.

अर्जदाराने खरे काय ते सांगितल्यावर, पेंढ्याने ओल धरली असेल, असे श्री. दिनानाथ म्हणाले. रेडकू दोन दिवस उन्हात ठेवले. मोरणीने रेकून रेकून गाव डोक्यावर घेतले, चाऱ्याला तोंड लावले नाही. शेवटी अर्जदाराने आपल्याच हाताने ते परत नेऊन ठेवले. त्या दोन दिवसांत ते आणखी दोन किलोने वाढलेले होते. शेजारच्या गंगाबाई हल्ली गोठ्यापर्यंत येत नाहीत. “किशोरे, त्याला गाडून टाक, आमाला भ्या वाटतं,” असे त्या कुंपणापलीकडूनच सांगतात.

गाडायला अर्जदार तयार आहे. पण बिल्ला असलेले जनावर मृत्यूच्या दाखल्याशिवाय पुरता येत नाही, आणि वजन वाढत असलेल्या जनावराला मृत्यूचा दाखला देता येत नाही, असे आपले म्हणणे आहे. मोरणीच्या फासळ्या लांबून मोजता येतात. आज ती उठताना दोनदा पडली. अर्जदाराने तिला रेडी असल्यापासून वाढवले आहे. अर्जदाराला भीती वाटते, हे सरकारी भाषेत कसे लिहावे ते तिला कळत नाही.

तरी पुढील वजन दि. ७ फेब्रुवारीला आहे, त्याआधी आपण स्वतः येऊन रेडकू मेल्याचे लिहून द्यावे. खाद्य परत घ्या, क्रमांक दुसऱ्याला द्या, म्हैस तेवढी राहू द्या.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
किशोरी विठू घरत
पनवेल, दि. २४ जानेवारी २०२५

सोबत :
१) वजनाच्या चार पावत्या.
२) गंगाबाईंचा अंगठा असलेला जबाब.
३) रेडकाच्या पोटावरच्या शिवणीचा फोटो, आपण पुरावा म्हणून मागितलेला. जोडता आला नाही. शिवण अर्जदाराने स्वतः सुतळीने घातली होती. आज सकाळी पोटाखाली हात फिरवून पाहिला. शिवण नाही. पोट गरम लागले.