माळी दादाला घेऊ दे

आई,

मी शाळेत निघाले. दुपारी दादा पत्त्यांचा तो डबा उघडेल, तेव्हा "मला नाही बाई जमत" म्हणू नकोस. मी इथे लिहूनच शिकवते. सध्या घरातली चॅम्पियन मीच आहे.

खेळताना प्रत्येकाने एक पात्र निवडायचं असतं; नवख्याने माळी घ्यायचा. सुरुवातीला प्रत्येकाच्या गठ्ठ्यात तणाची फालतू पानं असतात. माळ्याला दर फेरीला त्यातलं एक कायमचं उपटून टाकता येतं. गठ्ठा बारीक झाला की चांगली पानं पुन्हा पुन्हा हातात येतात. तू मात्र "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत सगळं साठवतेस, डब्यांच्या झाकणांसारखं. तसं केलंस की हरलीसच.

पूर्वी मी माळी घेतला की दादा "आली दूधपिती माळीण" म्हणून चिडवायचा आणि स्वतः सगळ्यांत अवघड तो जादूगार घ्यायचा. त्याच्या डोक्याच्या ऑपरेशननंतर काल आम्ही पहिल्यांदा खेळलो, तर त्याने गुपचूप माळी उचलला. तरीही मी जिंकले, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

म्हणून आजही त्याने माळी घेतला तर घेऊ दे. तू जादूगार घे. तो कसा खेळायचा ते मला येत नाही, दादालाच विचार. सांगता सांगता कदाचित त्याला आठवेल. नाही आठवलं, तर डोळे पुसायला स्वयंपाकघरात पळू नकोस. तिथेच बस आणि पुढचं पान टाक.

तुझी बडबडी