मळमळेपर्यंत मीठ

२ फेब्रुवारी

वरचा एकशे बावन्न, खालचा अठ्ठ्याण्णव. डॉक्टरीणबाईंनी तीनदा मोजला. तिसऱ्यांदा तर मला बाहेर बाकावर शांत बसवून मग आत बोलावलं. बाकावर कुणीतरी हात पुसले होते. (हे मी पाहिलेलं नाही. बाक चिकट होता, एवढंच खरं.)

मीठ अगदी कमी. लोणचं, वेफर्स, पाकिटातलं काहीही बंद. वजन उतरवायचं, रोज चालायचं, वेळेवर झोपायचं. दोन महिन्यांनी बघू. नाही उतरला तर गोळी.

गोळी म्हटल्यावर आई खुर्चीतून उठलीच. "गोळी नको. एकदा लागली की सुटत नाही. माझ्या बहिणीचं बघितलंय मी." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गोळी म्हणजे काही शिक्षा नाही." पण आई तोवर पायात चप्पल सरकवत होती.

येताना प्रेशर मोजायचं यंत्र घेतलं. रोज सकाळी आईच लावणार म्हणाली.

५ फेब्रुवारी

बिनमिठाचा बटाटा. तोंडात घोळतो, पिठाचा गोळा होतो, खाली जात नाही. बिनमिठाची भाजी म्हणजे कुणीतरी आधी चावून ठेवलेली वाटते. शी.

९ फेब्रुवारी

ज्याला त्याला उपाय माहीत आहे. भाजीवाला म्हणतो, उपाशीपोटी लसूण. शेजारच्या काकू म्हणतात, बीटाचा रस. मी दोन्ही केलं. सकाळी अंगाला कच्च्या लसणाचा वास आणि दुपारी लाल लघवी. घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसल्या. "बीट खाल्लंत का?"

दादा म्हणाला, "जीभबाई, तू लांबूनच जेवायला वाढ. लसणाची फोडणी देतेयस असं वाटतं."

१४ फेब्रुवारी

दादा मला जीभबाई म्हणतो ते उगाच नाही. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

कारखान्याचं कँटीन आमच्याकडे आहे. स्वयंपाक आई करते, गल्ल्यावर आणि वाढायला दादा, आणि चव बघते मी. काही वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या तापानंतर आईची चव गेली. वास तर पूर्णच गेला. हात तोच आहे, अंदाज तोच आहे, पण तोंडात घातलेलं काय आहे ते तिला कळत नाही. कँटीनमध्ये कुणालाही हे माहीत नाही. चव बघायला तिनेच मला शिकवलं, मी स्टुलावर उभी राहून ओट्याला पुरत होते तेव्हा. तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेच्या कडेने बघायचा, लगेच बोलायचं नाही. आता ती पळी पुढे करते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते.

आता मी चव घेते, थुंकते, चूळ भरते. पातेल्याशेजारी माझी थुंकायची वाटी. त्यात तेलाचे तवंग तरंगतात. मलाच बघवत नाही.

२६ फेब्रुवारी

आज टोमॅटो खारट लागला. नुसता, चिरलेला, मीठ न लावलेला. दुसरी फोड खाल्ली. तीही. काकडीलाही स्वतःची चव आहे, थोडी कडवट, थोडी गोड. हे इतकी वर्षं कुठे होतं?

आकडा एकशे बेचाळीस. आईने तो दोनदा मोठ्याने वाचला.

७ मार्च

कँटीनमधल्या लोकांचा वीट आलाय. उरलेलं ताटातच कालवून ठेवतात, त्यात हात धुतात. आणि वर तोंड आहेच. फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, समुद्र आटला का हो?" सगळे फिदीफिदी हसले. त्याच्या मिशीला रस्सा लागलेला होता.

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "बरोबर आहे. मी बघितलंय." खरंच बघितलं होतं.

११ मार्च

खरकट्याच्या बादल्या रोज भरून जातात. दादा म्हणाला, "व्यवस्थापकांनी बोलावलं होतं. म्हणाले, हे दवाखान्याचं जेवण कुणी सांगितलं होतं? महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर दुसरं कँटीन बघतील." आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही. भांडं घासतच राहिली, घासून झालं होतं तरी.

१२ मार्च

दादाने वेफर्सचं पाकीट पुढे केलं. एकच घेतला. पूर्वी मी ते पाकीट एका बैठकीत संपवून बोटं चाटायचे. आज तो जिभेवर ठेवला आणि मोरीत जाऊन थुंकले. खडेमीठ चाटल्यासारखं लागलं.

तिथेच, मोरीत उभ्या उभ्या लक्षात आलं. लोक नाटकं करत नव्हते. मी रोज पातेल्यावर वाकून जे "बरोबर आहे" म्हणत होते ते फक्त माझ्यापुरतं बरोबर होतं. साडेतीनशे माणसांना मी माझं पथ्य वाढत होते.

खोटं बोलले का मी? नाही. पण खरंही बोलले नाही. किळस वाटतेय स्वतःची.

१५ मार्च

आईला सांगितलं. तिने हातातला कालथा खाली ठेवला.

"मग आता?"

"चमच्याने मोजून घालू या."

"मी काय औषधं बनवते? एका दिवशी बटाटे पाणी पितात, एका दिवशी नाही. चमच्याला काय कळतं?"

मग म्हणाली, "थोडं खारट खाऊन बघ आठवडाभर. जीभ येईल परत."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "नको. नको गं. काय बोलले मी. विसर." आणि ओट्याकडे वळून फडक्याने ओटा पुसत बसली.

मी खाल्लं असतं. तिने "नको" म्हटलं नसतं तर खाल्लं असतं. हे लिहायलाच हवं.

१७ मार्च

उपाय सापडला. घाणेरडा आहे, पण आहे.

माझ्या जिभेला जे बरं लागतं ते त्यांना पाणी. मग मला नकोसं होईपर्यंत मीठ वाढवत जायचं. पहिल्या चिमटीला "अजून". दुसरीला "अजून". तोंड वाकडं झालं तरी "अजून". मळमळलं की थांबायचं.

आई म्हणाली, "हे कसलं चव बघणं?" पण पळी पुढे केली.

२० मार्च

ताटं चाटूनपुसून परत आली. फोरमन खिडकीत डोकं घालून म्हणाला, "मावशी, आता कसं! आमचीही जीभ माणसाचीच आहे." आई हसली. मी आत वाटीत थुंकत होते. साडेतीनशे माणसांना खूश करायला मला रोज दुपारी ओकारी काढावी लागते. ही नोकरी आहे की काय आहे?

व्यवस्थापकांचा निरोप आला. कँटीन आमच्याकडेच.

आणि आज माझा आकडा एकशे सव्वीस, खाली ब्याऐंशी. आई ओट्यावर यंत्र ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "बघ. गोळीशिवाय." तिला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. मलाही, शपथेवर सांगते, फार अभिमान वाटला.

२४ मार्च

आज मोजायला निघालेच नव्हते. फक्त भूक लागली होती.

रात्री घरी सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसते, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. दमते म्हणून तशी बसते असं मी धरून चाललेले. तिला पाणी द्यायला गेले आणि तिच्याच ताटातला एक घास उचलला. आमच्याच पातेल्यातली भाजी. मीच दुपारी मळमळेपर्यंत बघितलेली.

तोंडात गेला आणि मी धावले. मोरीत सगळं बाहेर. हे आमच्या पातेल्यातलं नव्हतं. नुसतं मीठ. भाताच्या शितांवर पांढरे दाणे दिसत होते, विरघळायचे राहिलेले.

"आई, हे काय आहे?"

"आवाज नको करू. दादा झोपलाय." मग हळूच, "तेवढं घातलं नाही तर माती खाल्ल्यासारखं लागतं गं. जिभेला काहीतरी झोंबलं तरी जेवतेय असं वाटतं."

"कधीपासून?"

तिने ताट पदराआड केलं. माझ्यापासून. लहान मूल लपवतं तसं.

मी यंत्र आणलं. ती म्हणाली, "मला काय झालंय? मी कधी आजारी पडते का?" रोज सकाळी हिनेच माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडे वाचले, हसली, रागावली. तो पट्टा मी तिच्या दंडाला लावावा हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. मला दुसऱ्यांच्या मिशीला लागलेला रस्सा दिसत होता.

आकडा आला. आई म्हणाली, "बिघडलंय ते." परत लावला. परत तोच.

२५ मार्च

दवाखान्यात दोनशे चार. गोळी आजपासून, आणि एक रात्र तिथेच ठेवून घेणार. आई गोळीला नाही म्हणाली नाही. तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वर्षांपासून आहे हे, मावशी?"

पळी पुढे करून बघते तसं आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सांगेन म्हणून.