न्यायला कोण आलंय?

॥ श्री ॥
मु. उमापूर, ता. गेवराई
आषाढ वद्य ३, शके १८३३

चि. धोंडीराम यास आसारामाचे अ. उ. आ. विशेष.

तुझे पत्र पोचले. तीन वर्षांनी भावाची आठवण झाली हे वाचून आनंद व्हायला हवा होता. मला आधी धास्तीच वाटली. पत्राच्या माथ्यावर श्री नाही, तिथे कोरी जागा. खाली नमस्काराच्या जागी सलाम. सलाम तहसीलदाराला करतात, थोरल्या भावाला नव्हे. पाद्रीसाहेबांनी शेजारी बसून लिहवले काय?

तू भिवराची चौकशी केलीस. तुझीच बायको, विचारायला हरकत नाही. पण पायाला नारू झाला म्हणून मिशनच्या दवाखान्यात गेलास आणि तिथेच बाप्तिस्मा घेऊन बसलास, तेव्हा तिची काळजी कुठे गेली होती? मीच गाडी जुंपून आलो आणि तिला घरी आणली. तू दारात उभा राहून बघत होतास. आता लिहितोस की प्रभूची वेळ येईल तेव्हा ती आपण होऊन येईल, तोवर मी धीर धरला आहे. तुझा प्रभू पंचांग बाळगतो का? आणि वेळ झाली हे सांगायला कोण येणार, पाद्री की शिपाई? मला यात काही तरी डाव दिसतो.

दुसरी गोष्ट. तुझी वहिनी तुळजाबाई सांगते की भिवरा दळायला बसण्याआधी रोज मूठभर जोंधळा काढते आणि जिन्याखालच्या गाडग्यात टाकते. कुणाला सांगत नाही, विचारले तर हसते. मूठभर जोंधळ्याचे मला काही नाही, लपवण्याचे आहे. त्यातच तिचा भाऊ गहिनीनाथ धर्मापुरीहून येऊन गेला. गोठ्यात दोघे हळू आवाजात बोलत होते. मी जवळ गेलो तशी बैलांच्या शिंगांची तारीफ सुरू झाली. धर्म सोडलेला नवरा मेल्यातच जमा, असे तो चावडीवर बोलला. तिला दुसरीकडे पाटाने द्यायचे त्याच्या मनात आहे. मी तुम्हा तिघांवरही डोळा ठेवून आहे.

पाय कसा आहे ते लिही. लोभ अजून आहे, फार ताणू नकोस.

आसाराम

---

मिशन दवाखाना, जालना
ता. ३ आगस्ट १९११

ती. दादांस धोंडीरामाचा सलाम आणि, आपल्या समाधानासाठी, शि. सा. न. वि. वि.

पत्र मी एकटाच लिहितो. साहेबांना माझे अक्षर लागत नाही, दवाखान्यात कुणालाच लागत नाही, म्हणून मला लिहिण्याऐवजी पुड्या बांधायला बसवले आहे. पाय बरा आहे. थोडा लंगडतो एवढेच.

मुठीबद्दल वाचले आणि मी पुड्या तशाच टाकून मागच्या आवारात जाऊन रडलो. दादा, आमच्या मंडळीतल्या बाया रोज चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य देवाच्या नावाने वेगळे काढतात आणि रविवारी उपासनेला घेऊन येतात. माझ्या दुखण्यात भिवरा दोन महिने त्यांच्याच शेजारी चूल मांडून होती. तिने ते पाहिले आहे. आता ती तिकडे एकटी, कुणी न सांगता तेच करते, याचा अर्थ मी काय घ्यावा? हे तुम्हाला कळवावे की नाही याचा खूप विचार केला. न कळवावे तर तुम्ही तिला चोर म्हणणार, कळवावे तर बाटगी म्हणणार. पण चोर म्हणू नका. तिने घरातला तिळाचा दाणाही कधी चोरला नाही.

मी स्वतः येत नाही त्याचे कारण ऐका. मी आलो तर फूस लावून नेली असे गाव म्हणेल. आणि ती मनाने आली की नवऱ्याच्या धाकाने, हे मला जन्मभर कळणार नाही. पेरलेले कोणी रोज उकरून बघत नाही. पाऊस, थंडी, ऊन ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती तिच्या मनाचाही हंगाम आहे, असा माझा विश्वास आहे. पुढच्या महिन्यात आमचे उत्तरेश्वर मास्तर उपदेशासाठी गेवराईच्या बाजाराला जाणार आहेत. त्यांची म्हातारी आई बरोबर असते. परतताना त्यांची गाडी उमापुरात आपल्या दारी थांबेल. भिवराच्या मनात असेल तर तिने निर्धास्त बसावे.

एक शंका विचारतो, रागावू नका. माझे पत्र तुम्ही तिला वाचून दाखवता ना? सगळे?

वहिनींस सलाम. प्रेम असू द्यावे, संशय थोडा कमी करावा.

धोंडीराम

---

॥ श्री ॥
उमापूर
भाद्रपद शुद्ध १२

चि. धोंडीराम यास अ. उ. आ.

हैदराबादेस निजाम सरकार वारले. गेवराईची कचेरी बंद आहे, माझ्या तिकडच्या खेपा थांबल्या, म्हणून मला घरात पाळत ठेवायला भरपूर सवड मिळाली.

मूठ देवाची, असे तू लिहिलेस. तुझी वहिनी आणि मी आळीपाळीने लक्ष ठेवले. रविवार नाही, उपासना नाही, काही नाही. गाडगे भरले की भिवरा शिवेवरच्या वडाखाली जाते आणि येईल त्या वाटसराच्या झोळीत किंवा उपरण्यात जोंधळा घालते. गोसावी असो, फकीर असो, गाडीवान असो. पण आधी विचारते की शहागडाकडून आलात काय. नाही म्हटले तरी देते, पण होय म्हटले की उगाच उभी राहते. शहागडाला नदी ओलांडली की पुढे जालनाच. हे निरोप पाठवणे नव्हे तर काय? एका फकिराला मी पुढे गाठून झोळी झाडायला लावली. जोंधळा आणि दोन कांदे निघाले. त्याने मला दुवा दिला, मला तोही संशयास्पद वाटला.

तुझे पत्र तिला अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवले. कुलकर्ण्यांच्या सावित्रीबाई पोथी घेऊन तिथेच बसल्या होत्या, खोटे वाटल्यास त्यांना विचार. मास्तरांची गाडी आली, दारापुढे थांबली. मी भिवराला विचारले, जालन्याला जायचे आहे का. तिने एवढेच विचारले की न्यायला कोण आलंय. मी म्हणालो, मास्तर आलेत. ती आत गेली आणि जात्यावर बसली. मास्तरांनी पाणी मागितले, वाट पाहिली आणि गेले.

माझी समजूत अशी की गहिनीनाथाने तिला फितवले. तो भाऊबीजेला तिला माहेरी नेणार. परळीकडचा एक बिजवर पाहून ठेवला आहे, एकदा धर्मापुरीला गेली की तिकडेच पाट लागेल. मी अडवणार नाही. कोणत्या तोंडाने अडवू? तू काय ते कळव, पण लवकर कळव.

माया आहे म्हणून लिहितो, नाही तर टपाल कशाला वाया घालवू.

आसाराम

---

जालना
ता. २० सप्टेंबर १९११

ती. दादांस शि. सा. न. आणि सलाम वि. वि.

तुमचे पत्र वाचून माझ्या मनात जे आले ते लपवत नाही. आधी वाटले, तुम्हीच तिला धाक घातला असेल आणि वर साळसूदपणे लिहिता. मग त्याहून वाईट वाटले, की परळीचा तो माणूस तिने पाहिला असेल आणि तिला पसंत असेल. वाटसरांना ती काय विचारते, कोणासाठी विचारते, याचाही विचार करून डोके फिरले. प्रार्थनेला बसलो तरी मनात तोच बिजवर. त्याला मिशा असतील का, असले प्रश्न पडतात.

मास्तरांची गाडी ही प्रभूने उघडलेली वाट आहे असे मी धरून चाललो होतो. ती बसली नाही. म्हणजे वेळ आलेली नाही, किंवा यायचीच नाही. भाऊबीजेला ती गेली तर मी त्याची इच्छा म्हणून मान खाली घालीन. मी उमापूरला येऊन काय करू? वेशीतच अंगावर शेण पडेल, आणि माझ्यामुळे तुमची मान खाली जाईल ती वेगळीच.

तिच्याशिवाय इथले घर मला घर वाटत नाही. विश्वासणाऱ्याने असे लिहू नये, पण लिहितो. हे पत्र तिला सगळे वाचून दाखवा. हे वाक्यसुद्धा.

आपला लोभ हाच आधार.

धोंडीराम

---

॥ श्री ॥
उमापूर
आश्विन शुद्ध ११

ती. स्व. धोंडीराम पाटील यांचे सेवेसी सौ. भिवराचा शि. सा. न. वि. वि.

एवढी ओळ माझी, सावित्रीबाई कुलकर्णी यांची. पुढे भिवरा बोलते आणि मी उतरून घेते. शुद्ध करू का विचारले, तर नको म्हणाली.

तुमचा कागद दादांनी वाचला. घर घर वाटत न्हाई हे बी वाचलं, आन खाकरत उठून गेले.

मुठीचं आधी सांगती. ती तुमच्या देवाची न्हाई आन माज्या बी देवाची न्हाई. घरात घरधन्याचं पान वाढायचं आसतं. तुमी न्हाईत, म्हून तुमच्या वाट्याचा जोंधळा येगळा काढती आन वाटंच्या मानसाला देती. तिकडं तुमाला बी कुनी बाई आसंच वाढत आसंल, म्हून. शहागड इचारती, कारन त्या वाटंनं जालन्याचा मानूस येतो. आमचा लंगडा मानूस कुटं दिसला का, येवडंच इचारायचं आसतं. पर लाज वाटती, म्हून नुसती हुबी ऱ्हाती. दादांनी त्या फकिराची झोळी उगच झाडली.

आता तुमच्या देवाच्या वेळंचं. त्याच्याशी माजं भांडान न्हाई. त्यानं तुमचा पाय बरा केला, मी डोळ्यानं बघितलंय. पर पाय बरा कावून केला? बसून ऱ्हायला? लगीन झालं तवा तुमी मला धर्मापुरीहून न्यायला आलता. दवाखान्यातून दादा न्यायला आले, तवा तुमी दारात हुबं ऱ्हायलात. जाऊ नको म्हनला न्हाईत. मी वळनापातुर मागं बघत गेलते. बायकू न्यायला आल्याबिगर जात न्हाई, हे तुमाला मी सांगावं? मास्तर लई चांगले आसतील. पर मी काय कापसाचा गठ्ठा हाय, कुनाच्या बी गाडीत टाकायला?

मला मनानं येऊ द्यायचं म्हनता. माजं मन तर कवाचंच तिकडं गेलंय. मागं ऱ्हायली ती मी.

गहिनी भाऊबीजेला येनार हाय. मला परळीचं घर नको. पर न्हाई म्हनायचं तर कुनाच्या जिवावर म्हनू? त्यो निदान येतो तरी. तुमी देवाची वाट बघता, मी तुमची बघती. यंदा पाऊस कमी, शहागडला पानी गुडघ्याला आलंय म्हनत्यात. तुमच्या देवाचं पानी मी डोईवर घेईन का न्हाई, मला ठावं न्हाई. त्याची वेळ आली तर मीच सांगन, तुमी इचारू नका. पर न्यायची वेळ तुमच्या हातात हाय.

जीव लागलाय म्हून येवडं बोलले. राग मानू नका, मानला तर हितं येऊन माना.

भिवरा

---

॥ श्री ॥
उमापूर
आश्विन वद्य ८

रा. रा. गहिनीनाथ पाटील, मु. धर्मापुरी, यांसी आसाराम पाटील सा. न. वि. वि.

बातमी भलत्या तोंडून कळू नये म्हणून माणूस धाडून हे पत्र देत आहे. भाऊबीजेला भिवराला न्यायला उमापूरला येऊ नका. ती इथे नाही.

परवा दिवस कलता धोंडीराम आला. शहागडावरून पायी, लंगडत. वेशीत पोरे जमली, कोणी तरी शेण फेकले, ते त्याच्या खांद्याला लागले. तो थांबला नाही. मी आधी त्याच्या मागे पाहिले, पाद्री किती आहेत ते. एकही नव्हता. मग वाटले, सरकारी शिपाई मागून येत असतील. तेही नव्हते. तो घाबरलेला दिसत होता. पण अंगणात उभा राहून सर्वांदेखत म्हणाला, मी माझ्या बायकोला न्यायला आलो आहे.

मी टोचून विचारले, झाली वाटते तुझ्या देवाची वेळ? तो म्हणाला, दादा, मी जालन्यात बसून त्याची वाट पाहत राहिलो, आणि तो इथे या अंगणात माझी वाट पाहत असेल हे माझ्या ध्यानातच आले नाही. हे बोलणे कोणी पढवलेले असावे असा मला संशय आहे. पण त्याचा आवाज कापत होता, तो काही पढवलेला नव्हता.

भिवरा तोवर दारात आली होती. तुळजाबाईने त्याला ओट्यावर पत्रावळ मांडली, भिवराने वाढले. तिला बाटवणार का, हे मी उघड विचारले. त्याने सांगितले की तो तिच्या मनाचा प्रश्न, जन्मात नाही म्हणाली तरी ती माझी बायकोच. परळीच्या पाहुण्यांना काय सांगायचे ते तुम्ही बघा. नवरा जिवंत आहे आणि चालत येतो, एवढे माझे नाव घेऊन सांगा.

दुसऱ्या दिवशी मी गाडीने दोघांना शहागडपर्यंत नेले. बोळवण करायला नव्हे, पलीकडे पाद्री दडून बसलेत का ते बघायला. पलीकडे धोबी कपडे वाळत घालत होता, दुसरे कोणी नव्हते. पाण्यात धोंडीरामाचा पाय डगमगला तशी तिने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. खरे तर मी तोंड फिरवायला हवे होते. फिरवले नाही. दोघे दिसेनासे झाले तरी मी उभाच होतो. उशीर का झाला, असे तुळजाबाईने घरी विचारले. मी म्हणालो, बैल थकले होते.

आता तुमच्या भाऊबीजेचे. ती चुकवू नका. बहिणीकडून ओवाळून घ्यायला यंदा जालन्याला जावे लागेल. तिथे कोण कुणाच्या हातचे खाते याची तुम्हाला शंका येईल, ती मलाही आहे. भाकरी घरून बांधून नेऊ. नेऊ असे चुकून लिहिलेले नाही. गाडी माझी, बैल माझे. पण तीन वर्षे ज्याला मेल्यातच धरला त्याच्या दारी एकट्याने जायचे म्हटले की माझा पाय उचलत नाही. तुम्ही मला न्यायला या.

स्नेह ठेवावा. राग असेल तर तोही गाडीत घालून आणावा, जागा आहे.

आपला
आसाराम