ताई, मॉनिटर कोणता घेऊ?

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं, म्हणून हिने सुचवलं की लिहून विचारा, निदान मधे तोंड घालता येणार नाही.

बाबांना मार्चमध्ये पंच्याहत्तर पुरी होतात. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलंय. आपल्या फोटोच्या दुकानात काढलेले माणसांचे चाळीस फोटो, दारभर उंचीचे. बाबा दिवसातून चार वेळा यादी बदलतात आणि पाचव्यांदा माझ्यावर ओरडतात.

अडचण अशी की एवढ्या मोठ्या फोटोंवरून शेवटचा हात फिरवायचा आणि माझ्याकडे आहे हा पंधरा इंची लॅपटॉप. मान सरळ ठेवली की चेहरा गोरा, जरा कलती केली की तोच चेहरा आजारी. तुझं ते जुनं मॉनिटरचं धूड मागच्या खोलीत आहे, पण त्याची वायर लॅपटॉपला लागत नाही. तेव्हा बाहेरून जोडायचा चांगला मॉनिटर घ्यायचा आहे. दुकानदार वाकड्या पडद्याचा, खेळ खेळायचा एक गळ्यात मारतोय. बघायला झकास आहे. पण तू सांगशील तोच घेईन.

आणखी एक. फोटोंचे रंग मी करतो असं बाबांना पहिल्यापासून वाटतं. तूच तसं वाटू दिलंस. मी एकोणीस वर्षांचा, दोनदा नापास झालेला, आणि तू केलेल्या त्या पहिल्या मोठ्या कामाची बाबांनी स्तुती केली तेव्हा तू गप्प बसलीस आणि मला पुढे ढकललंस. आता माझी पस्तिशी आली. या वेळी प्रदर्शनाच्या फलकावर "छायाचित्रं बाबांची, रंग ताईचे" असं लिहिणार, आणि त्याआधी बाबांना मी स्वतः सांगणार. शब्द देतो.

लोभ पातळ झाला असेल, पण तुटू देऊ नकोस.
तुझा,
ठोंब्या


११ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडून कागदावरून गेल्यासारखं. तरी दोनदा वाचलं. शेवटचा भाग तीनदा.

मी बरी आहे. बियाण्यांच्या कंपनीत पाकिटांवरच्या फोटोंचे रंग बघते. पाकिटावरचा टोमॅटो उगवलेल्या टोमॅटोपेक्षा लाल दिसला तर शेतकरी तक्रार करतात, म्हणून इथे खरं ते दाखवावं लागतं. आपल्या दुकानात ही सवय नव्हती, जड गेलं.

आता मॉनिटर. वाकडा घेऊ नकोस, त्यावर सरळ रेघ सरळ दिसत नाही. चकाकणारी काच नको. सत्तावीस इंच पुरे. पडदा आयपीएस जातीचा हवा, म्हणजे कडेने पाहिलं तरी रंग पालटत नाही. एसआरजीबीचे, म्हणजे फोटोंसाठी ठरलेल्या संचातले, रंग शंभर टक्के दाखवतो का ते विचार, आणि कारखान्यात रंग तपासल्याचा कागद खोक्यात असतो तो मागून घे. लॅपटॉपचं भोक बघून जा. एकाच यूएसबी-सी वायरीने चित्रही जाईल आणि लॅपटॉप चार्जही होईल. घरी आणल्यावर उजेड निम्म्यावर आण. दुकानात भपका दिसावा म्हणून तो चढवलेला असतो. रंग जुळवायचं यंत्र भाड्याने मिळतं, ते एकदा लाव. आणि समोर बसताना लाल शर्ट घालू नकोस, चेहऱ्यांवर त्याची झाक दिसते.

आता हे नीट वाच. माझा जुना मॉनिटर टाकू नकोस आणि जुन्या फाइलींना हात लावू नकोस. तो मॉनिटर पिवळा दाखवतो. आपण मोठे फोटो जिथे छापतो तिथलं मशीनही तेवढंच पिवळं छापतं. दोघांचं खोटं एकसारखं आहे, म्हणूनच मी तो बदलू दिला नाही. त्या फाइलींत मी निळा मुद्दाम वाढवलेला आहे. चांगल्या मॉनिटरवर त्या चुकीच्या दिसतील. दिसू देत. तशाच छापायला दे, बरोबर येतील.

फलकाचं लिहिलंस ते मनात धरून बसले आहे. मला दुकानात वाटा नको, काही नको. बाबांना कळावं, एवढंच. पण ते तू सांगायचं, मी नाही.

बाबांच्या गुडघ्याला जप. तुझ्या बायकोला माझ्याकडून शाबासकी, पत्राची युक्ती चांगली आहे.
आशीर्वाद आहेतच, मागावे लागत नाहीत.
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॉनिटर आला. तू सांगितलास तसाच, अगदी कागदासकट. यंत्रही लावलं. शर्ट राखाडी घालतो. ही म्हणते, इतकी आज्ञा माझी पाळली असतीत तर!

पण ताई, आता लिहितो ते कसं लिहू कळत नाही. जुन्या फाइली उघडल्या. सगळे चेहरे निळे. पाण्यातून काढल्यासारखे. त्याच वेळी बाबा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, हे काय केलंयस? सोळा वर्षं असलं काम करत होतास? मी घाबरलो. तोंडातून निघून गेलं की हे मी नाही केलं, हे ताईचं काम आहे, रंग तीच बघायची.

बाबा नुसते खुर्ची ओढून बसले.

तर सांगायचं होतं ते सांगून झालं आहे. वेळ जरा चुकली. तू निळ्याचं लिहिलं होतंस ते आठवलं, पण खरं सांगू, मला ती सारवासारव वाटली. नव्या मॉनिटरवर डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं? मी चाळीसच्या चाळीस फाइली दोन दिवसांत दुरुस्त केल्या. हल्ली एका बटणात होतं. त्याच नावाने परत साठवल्या, घोळ नको म्हणून. तुझं धूड भंगारवाल्याला दिलं. त्याची जागा मोकळी झाली तर तिथे कपाट बसलं.

फलकाचं मात्र आता अवघड झालंय. बाबांनी निळे चेहरे पाहिल्यावर "रंग ताईचे" कसं लिहू? तूच सांग.

राग मान, पण वाटेल तेवढा नको.
ठोंब्या


७ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद गृहीत धर.

छापायला देऊ नकोस. हे पत्र मिळेल त्या मिनिटाला छापखान्यात फोन कर. तुझा फोन मी दोन दिवस लावतेय, तू उचलत नाहीस.

सोळा वर्षांत माझं नाव बाबांपुढे तू एकदा घेतलंस. चूक कुणाची हे सांगायला. चांगलं झालं तेव्हा तू होतास, वाईट दिसलं तेव्हा मी झाले. आणि ते वाईटही नव्हतं. मी लिहून कळवलं होतं. तू मॉनिटरचा भाग वाचलास, यादी घेऊन बाजारात गेलास, आणि पुढचा भाग ताईची सारवासारव म्हणून सोडून दिलास. मॉनिटर कोणता घ्यावा एवढ्यापुरती माझी नजर चालते, त्यावर काय दिसतंय हे सांगायला चालत नाही.

ते बटण चेहरा ओळखत नाही. त्याला आपल्या वाण्याचा तांबूस गाल आणि शाळेच्या बाईंचा सावळा हात सारखाच. मूळ फाइली जागा नाही म्हणून तूच पुसल्या होत्यास. दुकान सोडताना मी एक प्रत मागितली तेव्हा म्हणालास, दुकानाची वस्तू दुकानात राहील. छान राहिली.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि या वेळी खरोखर साष्टांग.

तुझं पत्र मिळेपर्यंत पहिले पाच छापून आले होते. कावीळ झालीय सगळ्यांना. छापखानेवाला म्हणतो, मशीन तेच, शाई तीच, तुम्हीच काहीतरी बदललंत. ते पाच मी कपाटामागे लपवले आहेत. बाबा रोज विचारतात, मी रोज छापखान्याला शिव्या घालतो.

तुझं जानेवारीतलं पत्र पुन्हा वाचलं. सगळं लिहिलेलं होतं.

सोबत चाळीस फाइलींची डिस्क पाठवतो आहे. माझ्यासाठी करू नकोस. बाबा लोकांना बोलावत सुटलेत, घरोघर जाऊन. रिकाम्या भिंती त्यांना कशा दाखवू? तू हे सावरलंस तर मी सगळ्यांसमोर, हॉलमध्ये, माइकवरून सांगेन. फलकावरही तुझं नाव येईल.

ही स्वतः लिहिणार होती, पण रडायला लागली. 
पायाशी आहे,
ठोंब्या


८ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

डिस्क परत पाठवते. चाळीस झाले.

कंपनीच्या मॉनिटरवर केले. साहेबांना विचारून, काम सुटल्यावर तासभर, रविवारी सकाळपासून. आधीच्या रंगांचे आकडे काहीच शिल्लक नव्हते, सगळं नजरेने करावं लागलं. प्रत्येक फोटोत मागे आपल्या दुकानातला राखाडी कापडी पडदा आहे, तो किती निळा दिसला की तिथल्या मशीनवर राखाडी छापतो हे मला पाठ होतं. पडदा बसला की चेहऱ्याकडे जायचं. शाळेच्या बाईंना दोन दिवस लागले. त्यांचा हात सारखा दुसऱ्याच कुणाचा दिसायचा. आईच्या फोटोला हात लावायचा धीर शेवटपर्यंत झाला नाही, म्हणून तो शेवटी केला.

एक फोटो आधी छापून बघ, मग बाकीचे दे. नव्या मॉनिटरवर हे पुन्हा निळे दिसतील. या वेळी बटण दाबू नकोस.

मी प्रदर्शनाला येत नाही. हंगामाची पाकिटं निघायची आहेत, आणि तू माइकवर बोलत असताना माझं तोंड कसं दिसेल ते मला सांगता येत नाही. झालं की लिही. शब्द न् शब्द लिही.

वाट बघते.
ताई


२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो अप्रतिम आले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वाणी स्वतःच्या फोटोपुढे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "हा मी" म्हणून सांगत होता. बाबा आईच्या फोटोपुढून हलेनात, शेवटी तिथेच खुर्ची दिली.

तू शब्द न् शब्द लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

बाबा माइकवर आले. म्हणाले, फोटो मी काढले, पण त्यांच्यात जीव माझ्या मुलाने घातला. नवा मॉनिटर घेतला आणि त्याची नजर उघडली, आजवर इतका सुंदर रंग आमच्या दुकानातून गेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात माइक दिला. मी पाठ करून गेलो होतो, ताई, तुझी शपथ. पण बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हणालो, आभारी आहे. एवढंच म्हणालो.

फलक आधी छापून आला होता. त्यावर खाली "विशेष साहाय्य" म्हणून तुझं नाव आहे, दिवे लावणाऱ्याच्या आणि हॉलच्या व्यवस्थापकाच्या मधे. ही दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. तूही बोलू नकोस, पण लिही.

ठोंब्या


३ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली कुणास ठाऊक. मनगट दुखतं, तरी स्वतःच लिहितो.

तुझ्या भावाने परवा रडत सगळं सांगितलं. त्याला वाटलं मला धक्का बसेल. अगं, मागच्या खोलीत कोण बसतं ते मला कधी दिसलं नाही असं तुम्हा दोघांना वाटलं का? मी पन्नास वर्षं माणसांचे चेहरे बघतोय. पहिल्याच कामाच्या वेळी मी ओळखलं होतं की हा हात पोरीचा आहे. तू त्याला पुढे केलंस, मला ते आवडलं. म्हटलं, केवढी समजूतदार! त्याला माझ्या कौतुकाची गरज होती. तुला कौतुक नसलं तरी तुझं काम अडत नव्हतं. दुकान पुढे त्यालाच चालवायचं, गिऱ्हाइकांना त्याचा भरवसा वाटायला हवा. निळे चेहरे दिसले तेव्हा त्याच्यावर ओरडलो, पण तुझं नाव निघाल्यावर गप्प राहिलो, कारण तू मुळात चुकणार नाहीस हे मला माहीत होतं. हॉलमध्ये बोललो तेही जाणूनच. तू रागावणार नाहीस याची खात्री होती.

वाचनालयवाले शेजारच्या गावी दुसरं प्रदर्शन करा म्हणताहेत. नवे चाळीस. पोराच्या आवाक्यातलं नाही. तेवढं तू बघून दे. कुणाला कळायचं कारण नाही.

माया आहे तशीच आहे, हे काही लिहून सांगायला नको.
बाबा


१० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मनगटाला गरम पाण्याने शेका.

ठोंब्यावर मी सोळा वर्षं रागावलेली होते. बाबांना माहीत नाही, माहीत असतं तर ते नक्की काही बोलले असते, असं रोज स्वतःला सांगून त्या खोलीत जाऊन बसायचे. दुकान सोडून इथे आले, एकटी राहिले, तीही तेवढ्याच समजुतीवर. ती समजूत तुम्ही काढून घेतलीत, आणि तीही मला शाबासकी देता देता.

ठोंब्याला सांगा, माझा राग संपला. तो बिचारा फक्त घाबरट आहे.

नव्या चाळीस फोटोंचं मला जमणार नाही. मॉनिटर चांगला आहे, त्याला करू दे. चुकलं तर तुम्हाला दिसेलच. तुम्हाला पहिल्यापासून सगळं दिसतच होतं.

लोभ आता बेताने असावा, मला तो पेलवत नाही.
तुमची मुलगी